तिसरा मोजा

तिसऱ्या बाटलीवर पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी मोजा होता. सोलांजनं चौघांच्या ग्लासांत दोन-दोन बोटं ओतली आणि नेहमीप्रमाणे सगळे ओदीलकडे बघू लागले.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सोलांजच्या अंगणात जेवताना हेच चालायचं. प्रत्येकानं आठ युरोंच्या आतली एक बाटली आणायची, सोलांजनं आत नेऊन तिला मोजा चढवायचा, आणि कुठली वाइन, कशी आहे, ते न बघता सांगायचं. सांगायचे सगळेच, ओळखायची एकटी ओदील. गावच्या सहकारी वाइनरीत कुठल्या टाकीतली वाइन बाटलीत जायची, हे वीस वर्षं तिचं नाक ठरवत आलं होतं.

ते नाक मार्चमधल्या तापात गेलं. कॉफीला वास नाही, करपलेल्या दुधाला नाही. हे ठाऊक होतं फक्त तिच्या नवऱ्याला, रेमीला. रेमी गावचा पोस्टमन. चांगली की वाईट, यापलीकडे त्याला वाइनमधलं काही कळत नसे. पण बुडत्याला काडीचा आधार. तो टेबलाखालून तिचा पाय दाबायचा: एकदा म्हणजे चांगली, दोनदा म्हणजे टाकाऊ. उरलेलं ती रंगावरून आणि जिभेवरून निभावून न्यायची. आज मात्र घरून निघतानाच ती म्हणाली होती, "पुरे झालं हे सोंग. सोमवारी राजीनामा देते."

टेबलावरचा चौथा, फाब्रीस, त्याला धीर निघेना. हा गृहस्थ नाकानं कांदे सोलणारा. "पावसानंतरचं रान," तो डोळे मिटून म्हणाला. "चांगली मुरलेली आहे. आठ युरोंत कशी मिळाली कुणाला?"

"मऊ आहे," सोलांज म्हणाली. "आवडली मला."

टेबलाखाली रेमीनं एकदा पाय दाबला.

ओदीलनं ग्लास नाकाशी नेला, नुसता रीत म्हणून. आणि थबकली. भास असेल, असं म्हणून तिनं ग्लास खाली ठेवला, ब्रेडचा तुकडा तोडला, चावला. मग पुन्हा ग्लास उचलून नाक आत घातलं. काहीतरी होतं. बारीक, कुबट.

रेमीनं पुन्हा एकदा, जरा जोरात, पाय दाबला.

"ही बिघडलीय," ओदील म्हणाली. "बुचाचा वास लागलाय हिला. ओल्या गोणपाटासारखा."

हिनं खुणेचा घोळ केला असं वाटून रेमीचा चेहरा उतरला.

सोलांजनं ग्लास हुंगला, मग पुन्हा हुंगला. "अगोबाई, आहे की."

"मी वेगळं काय म्हणत होतो?" फाब्रीस म्हणाला. "पावसानंतरचं रान ओलंच असतं."

सोलांजनं मोजा ओढून काढला. बाटलीवर सहकारी वाइनरीचं लेबल होतं.

"अगं, ही तर तू आणलेली."

"घरचाच अहेर," फाब्रीस म्हणाला आणि हसला. पण ओदीलचे डोळे भरून आलेले बघून त्यानं हसू आवरलं.

"वेडी की काय तू," सोलांज म्हणाली. "शंभरात एखादी बाटली निघते तशी. आण तो ग्लास, गुलाबाच्या मुळाशी ओतून टाकते."

ओदीलनं ग्लासावर हात ठेवला. रेमी तिच्याकडे बघत राहिला. त्याला आता कुठे उमगत होतं.

"खरंच येतोय?" त्यानं हळूच विचारलं.

"घाणेरडा येतोय रे," ती म्हणाली, आणि ग्लास त्याच्यापुढे धरला. "अजून घाल."