वास न येणारं नाव

गटारात उतरणाऱ्या माणसांच्या हुद्द्याला कंपनीला नवीन, भारदस्त नाव हवं होतं, तेही बारा भाषांत. भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. मी सुचवलेल्या प्रत्येक शब्दावर साहेब नाक मुरडायचे. "ताई, यात परत 'गटार' आलंच की! वास येतो हो या शब्दाला. जरा स्वच्छ काहीतरी द्या ना."

शेवटी 'भूमिगत आरोग्यरक्षक' त्यांच्या पसंतीस उतरलं. नव्याकोऱ्या जॅकेटांच्या पाठीवर ते बाराही भाषांत छापलं. हार झाले, भाषणं झाली, फोटो निघाले. मास्क आणि दोर मात्र "पुढच्या खेपेला बघू" म्हणून राहिले.

पुढच्याच आठवड्यात एक आरोग्यरक्षक खाली उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. त्याचे सोबती रडत सांगत होते, नवं जॅकेट मळू नये म्हणून त्याने ते आधी काढून, नीट घडी घालून झाकणाशेजारी ठेवलं होतं.

दुपारी साहेबांचा फोन आला. "ताई, एकच वाक्य आहे, पण बाराही भाषांत लगेच हवंय. घ्या लिहून. सदर इसमाचा आमच्या कंपनीशी काहीही संबंध नाही."

"अहो, पण त्याचं ते जॅकेट?"

"ते कधीच उचलून आणलं आम्ही. तुम्ही वाक्याचं बघा."



 

"साहेब," मी म्हटलं, "वास येतो हो या वाक्याला."