ऐंशी टक्क्यांचा नकार

"नको," मशीन म्हणालं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. मशीनची खात्री बहात्तर टक्के. हा नकार धरता येणार नाही, मेंदूत असे भरकटलेले शब्द उठतच असतात, असं त्यांनी पुन्हा एकदा शांतपणे समजावलं. खाटेवरचा माणूस छताकडे बघत होता. त्याला मानही वळवता येत नव्हती. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या मात्र डोक्यात तिडीक गेली.

तो बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारा, ती तिथल्याच तिकीट-खिडकीवर. त्याचा तो खर्जातला आवाज घरीही तसाच चाले. "प्रवाशांनी लक्ष द्यावं, चहा फलाटावर येत आहे. पुन्हा ऐका." कुठलीही गोष्ट एकदा सांगून त्याचं भागतच नसे. तिची खोड वेगळी होती. खिडकीची जाड काच आणि गाड्यांची घरघर यांतून प्रवाशाचं "नाही" कधी धड ऐकू येत नाही. म्हणून प्रश्नच असा टाकायचा, की नुसत्या "हो"वर काम भागावं. घरी जेवतानाही ती "अजून वाढू?" असं न विचारता "पुरे ना?" असंच विचारी. तो तिला कंजूस म्हणे.

मग पक्षाघाताचा झटका आला आणि हात, पाय, आवाज, सगळंच गेलं. मग या रुग्णालयातल्या लोकांनी त्याच्या डोक्यात बारीक तारा बसवल्या. घोषणांच्या जुन्या फितींवरून त्याचा आवाज मशीनमध्ये भरला. तारा बसवायला तिची सही चालली, पण मनातल्या शब्दांची नोंद ठेवायला संमती त्याचीच हवी, असा नियम होता. डॉक्टरांनी विचारलं, तर तो आवाज "हो" म्हणाला. वर्षभराने ऐकलेला तो आवाज. ती ढसाढसा रडली होती.

सुरुवातीला गंमतच वाटली. बोलायचा शब्द कुठला आणि नुसता मनात आलेला कुठला, हे मशीनला कळत नव्हतं. भेटायला आलेल्या साडूंसमोर ते ठणठणीत आवाजात म्हणालं, "हा कधी उठणार?" साडू उठले ते पुन्हा फिरकले नाहीत, आणि ती तोंड दाबून हसत राहिली.

मग एका दुपारी, तो डुलकीत असताना, मशीनने एक नाव घेतलं. त्यांच्या मुलीचं, जन्मली त्याच दिवशी गेलेल्या. ते नाव दोघांनी पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं, एकमेकांजवळही नाही. काही दिवसांनी डॉक्टरांच्या व्याख्यानाला त्याला चाकांच्या खुर्चीतून नेलं, तेव्हा समोरच्या भिंतीवर भल्यामोठ्या अक्षरांत तेच नाव झळकलं. खाली लिहिलं होतं, नकळत आलेल्या शब्दाचं उदाहरण.

तेव्हापासून मशीन एकच म्हणत होतं. नको.

निदान बोलण्यापुरतं चालू ठेवा, नोंद घेऊ नका, म्हणून तिने हात जोडून पाहिले. नोंदीशिवाय मशीन चालत नाही, ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही, असं उत्तर आलं. काहीच नाही म्हणजे तो आवाजही नाही.

आज रुग्णालयाने मानवी हक्कांच्या एका वकीलबाईंना बोलावलं होतं. बाई भल्या होत्या. पण शरीराला हात लावण्याबद्दल कायद्यात पानंच्या पानं आहेत, मनात आलेल्या शब्दाबद्दल धड एक ओळ नाही, असं म्हणून त्याही हात चोळत बसल्या. शेवटी त्यांनी विचारलं, की पहिल्या दिवशीचा तो "हो" किती टक्क्यांचा होता?

एकसष्ट, डॉक्टर म्हणाले. होकाराला साठ पुरतात, नकाराला ऐंशी लागतात. एखाद्या भरकटलेल्या शब्दापायी माणसाचा आवाज कायमचा जायला नको, म्हणून.

"त्यांच्याच भल्यासाठी आहे, ताई," ते म्हणाले. आणि संताप याचाच होता, की ते अगदी मनापासून बोलत होते. भांडावं तरी कुणाशी?

ती उठली आणि त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी खाटेवर वाकली. आता विचारायचा प्रश्न तिला आज सुचला नव्हता. ते नाव भिंतीवर वाचलं, त्याच दिवशी तो ओठांवर आला होता. खिडकीवर आयुष्य घालवलेल्या बाईला तो न सुचायला काय झालं? पण उत्तर आलं की आवाज जाणार, म्हणून तिने तो इतके दिवस गिळला होता. रोज तीही डॉक्टरांसारखंच विचारत होती, "राहू दे ना अजून?"

"हे मशीन कायमचं बंद करायचं," ती म्हणाली. "पुरे ना आता?"

"हो," मशीन म्हणालं. "पुन्हा ऐका. हो."

पडद्यावर चौसष्ट होते. डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण वकीलबाई आधीच तो आकडा लिहून घेत होत्या. तिने बटणाकडे हात नेला. हात तिथे पोचेपर्यंत मशीन आणखी एक शब्द बोललं.

"कंजूस."