नावं ठेवायची नाहीत

आमच्या घरात आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत, हा बाबांचा नियम. आई कधी चव घेऊन बघत नाही. झाकण उचलून नुसता वास घेते. तेवढ्यावरून तिला मीठ कळतं, असं बाबा कौतुकानं सांगतात. परवा डाळ करपली होती. बाबांनी ती मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घेतली. काल कॉफीला आंबूस वास होता. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. दादा म्हणाला, “आई, फक्कड!” आईचा चेहरा खुलला. आज जेवायला बसलो, तर स्वयंपाकघरातून उग्र वास आला. दादानं माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबांनी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. पण हा वास जेवणाचा नव्हता. मी ओरडले, “आई, गॅसचा वास येतोय!” “मला तर हल्ली कसलाच वास येत नाही गं.” आतून काडेपेटी खुळखुळली.