भुऱ्याच्या बरगड्या

विनोदने नविनची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. नविनचं डोकं टाइलवर आदळलं. चष्मा उडून टेबलाखाली गेला.

"माझ्या कुत्र्याच्या बरगड्या मोडल्यास तू! पट्टे आवळून मोडल्यास!"

तलासरीजवळ हायवेला लागून प्राण्यांचं एक हॉस्पिटल होतं. नविन तिथे रेडिएशनचं मशीन चालवायचा. भुऱ्या हा विनोदचा कुत्रा. त्याच्या डाव्या बरगड्यांवर कॅन्सरची गाठ झाली होती. ऑपरेशन करून ती काढली, पण आत राहिलेली मुळं किरणांनी जाळायची होती. त्या जागेच्या खाली लगेच फुप्फुस आणि पलीकडे काळीज. कुत्र्याला हलू नकोस असं सांगता येत नाही. म्हणून रोज त्याला भूल द्यायची आणि त्याच्याच अंगाच्या मापाने बनवलेल्या गादीत कुशीवर झोपवून पट्ट्यांनी बांधायचं. कातडीवरच्या शाईच्या खुणांवर मशीनच्या लाल रेघा बरोबर आल्या, एक्स-रे पहिल्या दिवसाशी जुळला, की मगच किरण सोडायचे. केसभर फरक पडला तरी जळणार ते फुप्फुस.

विनोदचा आशागडला टेम्पो होता. झाईच्या किनाऱ्यावर सापडलेलं हे पिल्लू त्याने शर्टाच्या आत घालून घरी आणलं होतं. आता रोज तो भुऱ्याला केबिनमध्ये आपल्या शेजारी, घडी घातलेल्या गोधडीवर बसवून आणायचा. बायको दक्षा मागे हौद्यात, दांडा धरून बसून यायची. भूल उतरेपर्यंत विनोद कुत्र्याच्या तोंडाजवळ उकिडवा बसून राहायचा. तो शुद्धीवर आला की पहिला घास स्वतःच्या हाताने भरवायचा. हॉस्पिटलातले लोक त्याचं कौतुक करायचे. मुक्या जिवावर एवढी माया कोण करतं, म्हणायचे.

त्या सकाळी भूल दिलेला भुऱ्या गादीच्या मापात बसेना. नविनने त्याला उचललं, गादी झटकली, पुन्हा निजवलं. खांद्यापाशी रेघ जुळली, पण बरगड्यांवर आली की बोटभर सरकायची. छाती एका बाजूने फुगली होती. नविनने पट्ट्यांना हातही लावला नाही. तसाच एक्स-रे काढला आणि डॉक्टर नीलमना हाक मारली.

नीलम पडद्यासमोर उभ्या राहिल्या. दोन बरगड्या मोडल्या होत्या. एकीचं टोक आत, फुप्फुसाकडे वळलं होतं.

"आज किरण देता येणार नाहीत," त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. "बरगड्या मोडल्यात त्याच्या. आधी तेच बघावं लागेल."

"मोडल्या?" विनोद म्हणाला. "मोडल्या कशा?"

उत्तराला तो थांबलाच नाही. त्यांना ढकलून आत घुसला आणि समोर दिसलेल्या नविनला त्याने धरलं.

पहिला ठोसा तोंडावर बसला. नविनचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून पांढऱ्या कोटावर ओघळलं. दुसरा नाकावर. नविन खाली वाकला तसा विनोदने त्याच्या पोटात गुडघा घातला. नीलमनी त्याचा दंड ओढला. त्याने मागे न बघता कोपर मारलं. त्या ट्रॉलीवर जाऊन पडल्या, बाटल्या फुटल्या. पलीकडच्या टेबलावर भुऱ्या जीभ बाहेर टाकून भुलीतच होता.

आरडाओरडा ऐकून वॉचमन देवजी आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर धावत आले. दोघांनी मिळून विनोदला खाली पाडलं आणि त्याच्या पाठीवर बसले. तरी तो लाथा झाडत होता.

"जिवंत नाही सोडणार याला! मुक्या जनावरावर जोर दाखवतो भडवा!"

नीलम उठल्या. काचेने त्यांचा हात कापला होता. त्याच हाताने त्यांनी पोलिसांना फोन लावला, पत्ता सांगितला, लवकर या म्हणाल्या. मग विनोदपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हा एक्स-रेचा फोटो पट्टे बांधायच्या आधीचा आहे. कालच्या फोटोत बरगड्या धड होत्या. हे इथे झालेलं नाही. घरी कोणीतरी मारलंय त्याला. जोरात मारलंय."

विनोद पाय झाडायचा थांबला.

"घरी? घरी कोण मारणार? मी?" त्याचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते खरं होतं. "पोटच्या पोरासारखा वाढवलाय मॅडम त्याला. माझ्या ताटात जेवतो तो. दक्षा! ए दक्षा! सांग ना यांना. भुऱ्यावर मी कधी हात उचलला का?"

सगळे वळले. दक्षा दारात उभी होती. एका हाताने तिने चौकट धरली होती. इतके दिवस ती येत होती, पण तिचा आवाज तिथल्या कोणी नीट ऐकला नव्हता. ती आत आली. काचा चुकवत, सावकाश, एका कुशीला किंचित झुकून.

"नाही," ती म्हणाली. मध्येच थांबून तिने श्वास घेतला. "भुऱ्यावर कधीच नाही."

"ऐकलंत?" विनोद फरशीवरून ओरडला. "ऐकलंत ना?"

दक्षाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती नीलमसमोर जाऊन उभी राहिली.

"काल तो मध्ये आला, मॅडम. पहिली लाथ त्याला बसली, बाकीच्या मला. आता माझापण फोटो काढा."