गच्चीवरचं ऊन

"तुमची पॅनेलं झोपा काढतायत," वामनरावांनी सोलर कंपनीला फोनवर सुनावलं. भर एप्रिलात, लख्ख ऊन असताना मोबाइलवरचा विजेचा आकडा निम्म्यावर आला होता. पॅनेलांनी सगळी गच्ची व्यापली तेव्हा त्यांनी बायकोचं वाळवण बंद केलं होतं, वर आठवडाभर तिचा अबोलाही सोसला होता. एवढं करून ही गत.

दुपारी कंपनीचा माणूस गच्चीवर गेला आणि दहा मिनिटांनी काहीतरी चघळत खाली आला.

"काका, बिघाड काही नाही. पॅनेलांवर कुरडया वाळत घातल्यात. मीठ जरा कमी आहे, तेवढं काकूंना सांगा."

"उद्याच्या चिकात जास्त घालते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा पडला. वामनरावांनी फोन खिशात ठेवला, काठी घेतली आणि ते कावळे हाकायला गच्चीवर गेले.