आभाळातली बत्ती

सातपाटीच्या किनाऱ्यावर भाविका आणि तिचे बाबा रोज रात्री चटई टाकून आडवे पडायचे. ताऱ्यांच्या भरवशावर होडी हाकत आलेल्या बाबांना आता फक्त उजेड कळायचा, म्हणून ती त्यांचं बोट धरून एकेका ताऱ्याकडे न्यायची. तिला बघायची होती आगीच्या लोळासारखी उल्का, पण ती वर्षानुवर्षं हुकायची. आज गारठा वाढला, तशी ती त्यांची कानटोपी सारखी करायला वाकली आणि तिच्या पाठीमागे आभाळ पेटलं. बाबांच्या दाढीचे खुंट हिरवट उजळले. ती वळणारच होती, तेवढ्यात त्यांची बुबुळं उजेडामागे सरकू लागली. ती त्यांच्याकडेच बघत राहिली. अंधार परतला. “बाय, कोन बत्ती घेऊन गेला गो?” “तारा तुटला, बाबा.” “तू बगितलास?” “नाय. तुमीच बगितला.” बाबा हसले. “मंग हात दे.” तिचं बोट धरून त्यांनी आभाळभर रेघ ओढली, पार समुद्रापर्यंत.