कॅसेटमधला आवाज

"हिला मी शोधतेय," असं म्हणून तिने हेडफोन पाळकसाहेबांपुढे सरकवला.

चर्चमागची ती छोटीशी खोली. दोरीवर गायनवृंदाचे पांढरे झगे वाळत घातलेले, कोपऱ्यात पाय निखळलेलं ऑर्गनचं बाकडं. ती डीजे होती. तिच्या तालावर मैदानच्या मैदान नाचायचं. इथे मात्र ती वर्गात उशिरा आलेल्या पोरीसारखी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. बोलणी खायची तयारी ठेवूनच आली होती.

जुन्या बाजारात तिला एक कॅसेट सापडली होती. वर या चर्चचं नाव, आत एक स्तोत्र. समूहाचं गाणं बेताचंच. पण शेवटच्या कडव्यात एक आवाज सगळ्यांचा हात सोडून एकटाच वर चढत गेला होता. भाऊ गेल्यापासून तिने कामाला हात लावला नव्हता. तो आवाज ऐकून ती ढसाढसा रडली, आणि तोंड धुऊन यंत्रांपुढे जाऊन बसली.

"तुमचं स्तोत्र मी नाचाच्या तालावर बसवलंय," ती म्हणाली. "ते कडवं आलं की मी सगळं थांबवते. ताल बंद, नुसता हा आवाज. लोक चिडीचूप होतात. हात आपोआप वर जातात. मग ताल सोडते."

"आमचा ऑर्गनवाला तेच करतो," पाळकसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शेवटच्या कडव्याआधी बोटं उचलतो. मंडळी श्वास रोखून बसते."

"तिथूनच तर आलंय आमचं नाचाचं संगीत. टाळ्या, एकाने हाक घालायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, सगळं तुमच्याच घरचं. आम्ही उचललं आणि आभार मानायला कुणी आलं नाही."

पाळकसाहेबांनी हेडफोन लावला. डोळे मिटले. आवाज सुरू झाला तशी त्यांची बोटं टेबलावर थबकली. ताल सुटला तेव्हा टाच हलायला लागली. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"नाचता नाचता रडतं का कुणी?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ जण."

"मग ही उपासनाच झाली की."

तिच्या जिवात जीव आला. "पण तिची परवानगी हवी. ती नको म्हणाली तर मी हे पुसून टाकेन."

"कुणाची परवानगी घेणार? तो आवाज केव्हाच गेला."

तिने हेडफोन ओढून जवळ घेतला. वाटेत तिने काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते आता कुणाला सांगणार.

"कधी?"

"ही कॅसेट भरली आणि महिनाभरातच. तेरावं वर्ष सरत होतं."

तेरा. ती इतके दिवस एखाद्या पोक्त बाईला डोळ्यांसमोर आणत होती. "आजार होता?"

"आजार कसला. दोन-चार दिवस घसा बसल्यासारखं वाटलं, आणि एका सकाळी संपलं."

"आईवडिलांनी कसं सोसलं असेल."

"आई रडली. तिचा फार जीव होता." पाळकसाहेब जरासे हसले. "वडील मात्र खूश. भेटेल त्याला थांबवून सांगत होते."

तिला भाऊ आठवला, उंबऱ्यात मटकन बसलेले बाबा आठवले. ती उठली. हेडफोनची वायर तशीच मुठीत गोळा केली.

"येते मी," ती म्हणाली. "एवढीशी मुलगी जाते, बाप आनंदाने सांगत सुटतो, आणि तुम्हाला हसू येतं. तुमच्याकडून हे ऐकायला नको होतं, पाळकसाहेब."

पाळकसाहेब गोंधळून तिच्याकडे बघत राहिले.

"मुलगी कुठली?" ते म्हणाले. "आवाज फुटला ना माझा."